टिपणापासून संवादापर्यंत : अमित वर्मा यांची वाटचाल

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत इंग्रजीतून लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या एका पत्रकाराविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. अमित वर्मा हे ना आपल्या चळवळीतले, ना आपल्या भाषेत लिहिणारे. अर्थकारणाविषयीची त्यांची मते तर आमच्या मतांशी अनेक ठिकाणी उभा छेद देणारी आहेत. तरीही गेली काही वर्षे त्यांची मुलाखतमाला आम्ही अधूनमधून ऐकत आलो आहोत आणि तिने आम्हांला विचार करावयास भाग पाडले आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी तरुण आज हातातल्या मोबाइलच्या बळावर वार्ताहर झाले आहेत. कोणी यूट्यूबवर वाहिनी चालवितो, कोणी तालुक्याच्या बातम्या देतो, कोणी जयंतीच्या व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण करून ती सर्वदूर पोहोचवितो. पालकांना याची काळजी वाटते, शिक्षकांना याचा कधी अभिमान तर कधी त्रास वाटतो. या उद्योगातून पुढे काय निष्पन्न होते, तो करणारा माणूस वीस वर्षांनी कोठे पोहोचतो, हे तपासण्यासाठी एखादी पूर्ण वाटचाल समोर असणे उपयोगाचे ठरते. वर्मा यांची वाटचाल तशी आहे.

तिचा आराखडा थोडक्यात सांगतो. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात काही काळ काम करून वर्मा क्रिकेटविषयक पत्रकारितेत आले आणि क्रिकइन्फो या संकेतस्थळाच्या भारतीय आवृत्तीच्या संपादनाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. छापील वृत्तपत्रांत उमेदवारी करून मग संगणकाकडे वळलेल्या पिढीचे ते नव्हेत. त्यांची पत्रकारिता संगणकाच्या पडद्यावरच वाढली. 2004 च्या सुमारास त्यांनी ‘इंडिया अनकट’ या नावाने स्वतःचा ब्लॉग सुरू केला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला त्सुनामी आली. वर्मा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फिरले आणि जे दिसले ते रोजच्या रोज लिहीत राहिले. मोठ्या वृत्तपत्राचा शिक्का नसलेला एक माणूस, कोणाही संपादकाची परवानगी न घेता, उद्ध्वस्त गावांतून थेट लिहितो आहे आणि जगभरचे लोक ते वाचत आहेत, हा त्या काळी नवाच प्रकार होता. आज त्याचे कोणास काही वाटत नाही; परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अशा पहिल्या खुणा नोंदवून ठेवाव्यात.

पुढील पाच-सहा वर्षांत त्यांनी हजारो टिपणे लिहिली. दिवसाकाठी चार-पाच, कधी दोन ओळींची, कधी दोन पानांची. ‘मिंट’ या वृत्तपत्रात त्यांचे सदरही चालू झाले. बाजारस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या लेखनासाठी दिले जाणारे बास्तिया पारितोषिक त्यांना 2007 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये मिळाले. 2009 मध्ये ‘माय फ्रेंड सँचो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. हस्तलिखित अवस्थेतच ती मॅन एशियन साहित्य पारितोषिकाच्या प्राथमिक यादीत आली होती. मग काही वर्षे त्यांनी चक्क पोकर हा पत्त्यांचा खेळ व्यवसाय म्हणून खेळला. (सिगालोवाद सुत्तात धनहानीची जी सहा मुखे सांगितली आहेत त्यांत जुगार आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. वर्मांचे म्हणणे असे की या खेळाने शक्यतांचा हिशेब करून विचार करावयास शिकविले. असेल, हा धडा गणिताच्या तासालाही शिकता येतो.) जानेवारी 2017 मध्ये त्यांनी ‘द सीन अँड द अनसीन’ ही पॉडकास्ट मालिका, म्हणजे मोबाइलवर हवी तेव्हा ऐकता येणारी मुलाखतमाला, सुरू केली. तिचे चारशेहून अधिक भाग झाले आहेत. लेखन शिकविणारा अभ्यासवर्ग ते इंटरनेटवरून चालवितात आणि 2023 पासून अर्थतज्ज्ञ अजय शहा यांच्यासमवेत एक चित्रफीत-मालिकाही करतात.

या वाटचालीतील आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटलेली गोष्ट लांबीची आहे. ब्लॉगच्या काळात त्यांचे लेखन आखूड होते, तत्पर होते, तिरकस होते. कोणाची तरी चूक पकडावी, तिच्यावर चार वाक्यांत टोला हाणावा आणि पुढच्या विषयाकडे वळावे. मुलाखतमालेचे आरंभीचे भागही अर्ध्या तासाच्या आतबाहेर असत आणि त्यांत सरकारच्या एखाद्या धोरणाचा अनपेक्षित दुष्परिणाम तपासला जाई. नंतर भाग लांबत गेले. एक तास, दोन तास, मग पाच तास, काही त्याहूनही लांब. जग उलट्या दिशेने धावत असताना हे घडले. तीस सेकंदांच्या चित्रफितींचा सुकाळ झाला, बातमी शीर्षकापुरती उरली, आणि हा मनुष्य मात्र एका पाहुण्यासमोर अर्धा दिवस बसू लागला. आश्चर्य म्हणजे ऐकणारे कमी झाले नाहीत, वाढले.

यामागचे काम समजून घेण्यासारखे आहे. पाहुणा लेखक असेल तर वर्मा त्याची पुस्तके आधी वाचून काढतात. एखाददुसरे नव्हे, बहुधा सगळी. बोलण्याची सुरुवात पाहुण्याच्या विषयापासून होत नाही. आपण कोठे वाढलात, घरात काय वाचले जाई, वडील काय करीत, असे विचारले जाते आणि तासाभराने केव्हातरी मूळ विषय येतो. रामचंद्र गुहा, श्रीनाथ राघवन, मनू पिल्लै अशा इतिहासकारांचे भाग आम्ही ऐकले तेव्हा जाणवले की जे पुस्तकाच्या प्रस्तावनेत येत नाही, वृत्तपत्रीय मुलाखतीत तर मुळीच येत नाही, ते येथे येते : अभ्यासकाला तो प्रश्न प्रथम का पडला, कोणत्या दप्तरखान्यात त्याचे वर्ष गेले, कोणते मत त्याने पुढे बदलले. शेवटी पाहुण्याला आवडीची पुस्तके आणि गाणी विचारली जातात. भागासोबत वाचनासाठी लांबलचक यादी दिलेली असते. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गाला बसावे तसे हे आहे, फरक इतकाच की हजेरी घेतली जात नाही.

याचे बीज त्यांच्या कादंबरीत आहे, असे आमचे मत आहे. ‘माय फ्रेंड सँचो’चा नायक अबीर गांगुली हा मुंबईतील एका सायंदैनिकाचा तेविशीतला गुन्हेवार्ताहर. पोलिसांच्या गोळीबारात एक निरपराध मनुष्य मारला जातो, तेव्हा हा वार्ताहर त्या ठिकाणी हजर असतो. पुढे संपादक त्यालाच त्या मृत माणसाविषयी सविस्तर लिहावयास सांगतात आणि त्या निमित्ताने त्याची मृताच्या मुलीशी, मुनीझाशी ओळख होते. कथा विनोदी ढंगाची आहे. नायकाची बडबड क्वचित कंटाळा आणते, त्याच्या खोलीतली पाल त्याच्याशी बोलते वगैरे चमत्कृती आहेत. श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना व्हावी असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्या मध्यभागी एक खरा पेच आहे. ज्याचे काम बातमी देणे, त्याने जे डोळ्यांसमोर घडले ते मुलीला सांगितलेले नाही. आणि तिच्या वडिलांचे आयुष्य मात्र तो तिच्याकडून तासन्‌तास ऐकून घेतो आहे. बातमीत ‘चकमकीत ठार’ एवढेच दोन शब्द असलेला मनुष्य ऐकता ऐकता बाप होतो, शेजारी होतो, माणूस होतो. मुंबईत नव्वदच्या दशकापासून अशा किती चकमकी झाल्या आणि त्यांच्या किती ओळी छापून आल्या, हे ज्यांना आठवते त्यांना या पेचाचे वजन कळेल. चार ओळींच्या बातमीने जे झाकले जाते ते लांब ऐकण्याने उघडे होते, हे त्या लेखकाला 2009 मध्ये कथेतून उमगले होते. व्यवहारात उतरावयास आणखी दशक जावे लागले.

आता मतभेदाकडे येतो. तो झाकून ठेवला तर हा लेख नुसती स्तुती ठरेल.

मालिकेचे नाव फ्रेडरिक बास्तिया या फ्रेंच लेखकाच्या 1850 मधील निबंधावरून घेतलेले आहे. त्यात एक दृष्टान्त आहे. दुकानदाराच्या मुलाने खिडकीची काच फोडली. जमलेले लोक म्हणाले, वाईटातून चांगले झाले, काचवाल्याला सहा फ्रँकचे काम मिळाले. बास्तिया म्हणतो, हे झाले दिसणारे. त्या सहा फ्रँकांत दुकानदाराने झिजलेले जोडे बदलले असते किंवा एखादे पुस्तक घेतले असते. ते आता होणार नाही, आणि तो तोटा कोणाला दिसत नाही. धोरणाचा विचार करताना या न दिसणाऱ्या परिणामाकडे पाहावे, हे त्याचे सांगणे आणि वर्मांचेही. ही दृष्टी उपयुक्त आहे यात शंका नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चलनातील 86 टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा बँकांपुढच्या रांगा सर्वांनी पाहिल्या. परंतु नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराचे बुडालेले रोज, थांबलेले बांधकाम आणि लेकराची न भरलेली फी रांगेत उभी नव्हती. वर्मांनी त्या निर्णयाला कडाडून विरोध केला आणि आपल्या विचाराशी ते प्रामाणिक राहिले, हे नमूद केले पाहिजे.

पण बास्तियाच्या त्या जोड्यांपाशीच आम्ही अडखळतो. दुकानदाराजवळ सहा फ्रँक शिल्लक असते तर त्याने जोडे घेतले असते, हे फ्रान्समध्ये खरे. आपल्याकडे पैसा हाती असूनही पायांत जोडे घालून गावातील वरच्या आळीतून जाता येत नव्हते. बाजार खुला होता, चांभार आपलाच होता, रक्कम रोख होती. जोडे तरीही हातात धरावे लागत. हे ‘न दिसणारे’ बास्तियाच्या हिशेबात कोठेच बसत नाही. महाडचे उदाहरण तर शालेय पाठ्यपुस्तकातले आहे. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले ठराव संमत केला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले, आणि 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. कायद्याची आडकाठी उरली नव्हती, पाण्याला किंमत पडत नव्हती. तरी स्वातंत्र्य नव्हते. आणि ज्या दिवशी ते घेतले त्या दिवशी डोकी फुटली.

वर्मांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की आपला समाज मुळातच उदारमतवादी नाही, जातीने आणि पुरुषसत्तेने बांधलेला आहे, हे ते वारंवार बोलून दाखवितात. प्रश्न उपायाचा आहे. सरकारचा हात आखडला की व्यक्ती मोकळी होते, असा त्यांचा कल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमका याच गृहीतकाला हात घातला होता. सरकार मध्ये पडले नाही तर मोकळे कोण होते? भाडे वाढविणारा जमीनदार, कामाचे तास वाढविणारा कारखानदार. ज्याच्यापुढे उपासमार उभी आहे त्याची मोकळीक कागदावर राहते. हा युक्तिवाद करणारा मनुष्य कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकून आलेला होता, चलनाच्या प्रश्नावर त्याने ग्रंथ लिहिला होता. बाजार म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. आपले हे वसतिगृह, आपल्यातील बहुतेकांची शिष्यवृत्ती, आमची नोकरी, ही सारी त्या युक्तिवादाची फळे होत. म्हणून वर्मांचे ऐकताना आम्ही एक कान त्यांच्याकडे आणि दुसरा आपल्या वस्तीकडे ठेवतो.

हाच आक्षेप त्यांच्या वाटचालीलाही काही अंशी लागू पडतो. आता कोणा संपादकाची मर्जी लागत नाही, प्रत्येकाजवळ ध्वनिक्षेपक आहे, असे नवमाध्यमांविषयी सांगितले जाते. दाराशी बसलेला पहारेकरी उठला, हे खरे आणि ते लहान नव्हे. 1920 मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, हा प्रसंग बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवला आहे, त्यामुळे पहारेकरी नसण्याचे मोल आपल्याला इतरांहून अधिक कळते. परंतु दार उघडे असणे वेगळे आणि दारापर्यंत चालत येण्याचे बळ असणे वेगळे. वर्मा स्वतःच मोकळेपणाने सांगतात की सुस्थित, पुस्तकांनी भरलेल्या घरात आपण वाढलो. लहानपणापासून इंग्रजी, हाताशी हवे ते पुस्तक, नोकरी सोडून काही वर्षे स्वतःच्या मनाने लिहिण्या-खेळण्याची उसंत, फसलो तरी उपाशी मरणार नाही ही खात्री. हे भांडवल ताळेबंदात दिसत नाही. आपला एखादा विद्यार्थी त्याच धाडसाने नोकरी सोडून लिहावयास बसला तर महिनाअखेर गावाकडे पाठवावयाच्या पैशांचा प्रश्न त्याच्या आधी टेबलाशी येऊन बसलेला असतो.

म्हणून काय, त्याने लिहू नये? तसे आम्ही म्हणत नाही. आमचा आग्रह एवढाच की त्याने वर्मांकडून घ्यावयाचे ते नीट निवडून घ्यावे. त्यांच्यासारखी नोकरी सोडणे ही घेण्याजोगी गोष्ट नव्हे. घेण्याजोगी आहे ती पाहुण्याची सगळी पुस्तके आधी वाचण्याची शिस्त. ती उसनी घ्यावयास भांडवल लागत नाही, ग्रंथालयाचे कार्ड आणि रात्रीचे दोन तास लागतात. घेण्याजोगे आहे ते प्रश्न विचारून गप्प राहणे. आपल्या तरुणांच्या वाहिन्या आम्ही पाहतो. कळकळ आहे, धाडस आहे, काही बातम्या तर अशा की मोठ्या वृत्तवाहिन्यांनी त्या दाखविण्याची हिंमत केली नाही. पण मुलाखत घेताना प्रश्नकर्ताच सात मिनिटे बोलतो. समोर बसलेल्या आजीबाई ओठ उघडतात तोच त्यांचे वाक्य हा पुरे करून टाकतो, आणि तेही घोषणेने. घोषणा आम्हांस प्रिय आहेत, जन्म त्यांतच गेला. परंतु त्या आजीबाईंना जे सांगावयाचे होते ते घोषणेत नव्हते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडताना मुकादम हजेरीपटावर अंगठा कसा घेई आणि त्याच संध्याकाळी वस्तीत अभ्यासाचा कंदील कोणाच्या तेलावर जळे, असे काही ते असावे. ते आपल्याला मिळाले नाही. चित्रफीत नऊ मिनिटांची झाली, तिला भरपूर पसंती मिळाली आणि आजीबाई घरी गेल्या.

येथे भाषेचाही मुद्दा येतो. वर्मांच्या मालिकेत मुंबईत बसून इंग्रजीत बोलले जाते. त्यांच्या पाहुण्यांत थोर अभ्यासक आहेत, पण इंग्रजीत चार तास स्वतःविषयी बोलू शकणारी माणसेच तेथे येणार, हे ओघाने आले. यात त्यांचा दोष नाही. प्रत्येकाने आपल्या भाषेत काम करावे. मात्र मराठीत हे काम त्या धीराने, त्या तयारीने करणारे फार थोडे आहेत आणि आपल्या वस्त्यांच्या बाबतीत तर शेत जवळपास पडीक आहे. गायकपार्ट्यांतील शाहीर, धम्मदीक्षेला नागपूरला पायी गेलेले, गिरणीच्या संपानंतर गावी परतलेले, शाळेत पहिल्या रांगेत बसू न दिले गेलेले आणि पुढे मुख्याध्यापक झालेले : यांच्यापैकी कोणाच्या आवाजाचे पाच तास आपल्याजवळ आहेत? आत्मचरित्रे आहेत, ती आपली मोठी संपत्ती आहे. पण आत्मचरित्र लिहिणारा लिहिता होता. न लिहिणाऱ्यांचे काय झाले, हे इतिहासाच्या शिक्षकाला रात्री झोपू न देणारे कोडे आहे.

काळ थांबत नाही. ऑक्टोबर 1956 मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या घरात आहेत. दीक्षाभूमीवरील गर्दी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आपल्याच पालक-परिवारात आहेत, आणि दरवर्षी स्मरणिकेच्या श्रद्धांजलीच्या पानावर त्यांची नावे एकेक करून जात आहेत.

तेव्हा माजी विद्यार्थी मंडळापुढे आमचा प्रस्ताव आहे. मंडळाच्या निधीतून दोन बरे ध्वनिक्षेपक घ्यावेत. चित्रीकरणाचा हव्यास नको, कॅमेरा दिसला की माणसे पुढाऱ्यासारखी बोलू लागतात. वाहिन्या चालविणाऱ्या तरुणांपैकी जे तयार असतील त्यांनी वर्षभरात प्रत्येकी एकाच व्यक्तीशी बोलावे, पण चार बैठकांत, आणि पहिल्या बैठकीआधी तिच्या गावाचा, गिरणीचा, शाळेचा जो काही लिखित इतिहास मिळेल तो वाचून यावे. संस्थेचे ग्रंथालय त्यासाठी सुटीतही उघडे ठेवण्याचे आम्ही पत्करतो. मुद्रणे जशी झाली तशी, न कापता जतन करावीत. प्रसिद्ध काय करावयाचे ते नंतर आणि त्या व्यक्तीला विचारून ठरवावे. आरंभासाठी सहा नावे आम्ही काढली आहेत. त्यांत वसतिगृहाच्या पहिल्या तुकडीचे तिघे आहेत, एक निवृत्त परिचारिका आहेत, एक शाहीर आहेत, आणि स्वयंपाकघरात जिने तीस वर्षे आपल्या सर्वांच्या भाकरी थापल्या ती मावशी आहे. मावशींना अलीकडे कमी ऐकू येते. प्रश्न मोठ्याने विचारावे लागतील, आणि दुपारी दोननंतरच, कारण त्याआधी त्या कोणाशी बोलत नाहीत.